औषध-प्रतिनिधीची उमेदवारी आणि सत्याणुव्रत

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव रेणुकादेवीच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. अशा गावांतील व्यापारी घराण्यांत मुलाचे पहिले शिक्षण गादीवरच होते. ग्राहकाची पारख, उधारीची मर्यादा आणि चोख रोजमेळ यांची सवय त्याला लहानपणीच लागते. तथापि एका दुकानावर तीन भावांचे संसार उभे राहत नाहीत. अशा वेळी विज्ञानाची किंवा औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतलेला मुलगा ‘एम.आर.’ होतो म्हणाला, की पेढी सोडून दुसऱ्याची बॅग का उचलावी, असा प्रश्न वडीलधारे विचारतात.

याचे एक उत्तर उत्तमभाई मेहता यांच्या चरित्रात आहे. गुजरातमधील जैन कुटुंबात जन्मलेल्या उत्तमभाईंनी सॅन्डोज कंपनीचे प्रतिनिधी म्हणून अनेक वर्षे फिरती केली. १९५९ साली त्यांनी ट्रिनिटी लॅबोरेटरीज ही स्वतःची संस्था काढली. बऱ्याच चढउतारांनंतर तिच्यातूनच पुढे टोरेंट उद्योगसमूह उभा राहिला. दुसऱ्याची बॅग उचलणे ही त्यांची उमेदवारीच ठरली.

या उमेदवारीचे स्वरूप घरच्यांनीही जाणून घ्यावे. निवड झालेल्या तरुणाला कंपनी प्रथम वर्गात बसवते. शरीररचना, रोगाची कारणे, औषधाचे कार्य, मात्रा, दुष्परिणाम आणि स्पर्धक कंपन्यांची औषधे हे सारे तेथे शिकावे लागते. डॉक्टरांसमोर दोन-तीन मिनिटांत नेमके बोलण्याचा सराव सहकाऱ्यांपुढे करून घेतला जातो. मग वरिष्ठांबरोबर प्रत्यक्ष फिरती सुरू होते. केमिस्टकडे चौकशी करून कोणते औषध चालते ते समजून घेणे, स्टॉकिस्टकडील शिल्लक पाहणे आणि रोजच्या भेटींचा अहवाल पाठवणे, हा त्याचा नित्यक्रम होतो. दुकानात वाढलेल्या मुलाला यातील निम्मे काम उपजतच येते.

खरी परीक्षा पुढे असते. महिनाअखेर जवळ येते, विक्रीचे लक्ष्य अपुरे असते आणि न झालेली भेट अहवालात लिहिण्याचा मोह होतो. स्टॉकिस्टकडे गरजेपेक्षा अधिक माल उतरवून आकडा गाठता येतो. परंतु तो माल मुदत संपून परत येतो तेव्हा नुकसान कोणा व्यापारी बांधवाचेच असते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत मिथ्योपदेश आणि कूटलेखक्रिया यांची गणना आहे. औषधाचे दुष्परिणाम झाकणे हा पहिला दोष, खोटा अहवाल हा दुसरा.

शासनाची आचारसंहिताही याच दिशेने जाते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध-विपणनाची एकरूप संहिता जाहीर केली. औषध ‘सुरक्षित’ आहे असे मोघम सांगू नये, त्याला दुष्परिणाम नाहीत असा दावा करू नये आणि डॉक्टरांना व्यक्तिगत लाभासाठी भेटवस्तू देऊ नये, असे ती बजावते. नमुन्यांचे एक पाकीट तीन रुग्णांच्या उपचारापुरतेच असावे आणि एका डॉक्टरास एका औषधाची वर्षाला १२ पेक्षा अधिक पाकिटे देऊ नयेत, असा दंडकही तिच्यात आहे.

घरच्यांनी काही गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. डॉक्टरांच्या भेटी अनेकदा रात्री उशिरापर्यंत चालतात. चौविहार पाळणाऱ्याला सूर्यास्तापूर्वीचा डबा सोबत ठेवावा लागेल. बहुतेक कॅप्सूलचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे असते. त्याविषयी आपली भूमिका मुलाने नोकरी स्वीकारण्यापूर्वी ठरवावी. नियुक्तिपत्र लेखी घ्यावे. विक्री-प्रतिनिधींसाठी १९७६ साली झालेल्या कायद्याने तो हक्क दिला होता. निश्चित वेतन किती, विक्रीवरील प्रोत्साहन किती आणि प्रवासभत्ता किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

दोन-तीन वर्षांच्या अशा फिरतीनंतर तरुणाला जिल्ह्यातील केमिस्ट, स्टॉकिस्ट आणि डॉक्टर नावानिशी ओळखू लागतात. पुढे त्याने कंपनीतच वरची जागा घेतली किंवा परवाना काढून औषधांची घाऊक पेढी घातली, तरी ही ओळखच त्याचे भांडवल असते. भेटीत बोललेला शब्द आणि अहवालात लिहिलेली नोंद एकच असेल, तर ते भांडवल टिकते.