नाव बदललं की मॅन्युअल तयार?

कंपनीने स्वतःच्या वापरासाठी जेट घेतलं, वैमानिक नेमले, की एक वाक्य हमखास कानावर येतं : "ऑपरेशन्स मॅन्युअल ना? तयार मिळतं हो. नाव बदला, लोगो लावा, झालं!"

नाही झालं. उसन्या मॅन्युअलमध्ये तीन पाळ्यांतल्या डिस्पॅचरची कर्तव्यं पानभर असतात. इथे उड्डाणाची वेळ ठरवते अध्यक्षांची सेक्रेटरी. बिघाड ज्या सेफ्टी मॅनेजरला कळवायचा, ते पदच कंपनीत नसतं. हे पुस्तक आपल्याबद्दल नाही, हे वैमानिकांना लगेच कळतं. मग ते कपाटात जातं आणि ऑडिटच्या दिवशी बाहेर निघतं. नमुना घ्यायला हरकत नाही, पण मथळ्यांपुरता. खरं काम पुढे असतं. सकाळी सहापासून ड्युटीवर असलेल्या वैमानिकाला साहेब रात्री म्हणाले, "आत्ता निघू," तर नाही कोण म्हणणार? त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार? हे कंपनीत बसून, भांडून ठरवावं लागतं, आणि त्याखाली साहेबांचीच सही हवी.

"कागद पूर्ण आहेत, ऑडिटही पास झालंय," असं म्हणणाऱ्यांनी एनटीएसबी या अमेरिकी अपघात-तपास संस्थेचा बेडफर्ड अपघाताचा अहवाल वाचावा. ३१ मे २०१४ च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डच्या हॅन्सकम फील्ड विमानतळावर एक गल्फस्ट्रीम-४ धावपट्टी सोडून पुढे गेलं आणि पेटलं. विमानातले सातही जण दगावले. उभ्या विमानाची नियंत्रणं वाऱ्यात हलू नयेत म्हणून लावतात तो गस्ट लॉक काढलेलाच नव्हता. तो इंजिनं सुरू करण्याआधी काढायचा आणि नंतर नियंत्रणं पूर्ण फिरवून पाहायची, हे चेकलिस्टमध्ये स्पष्ट होतं. दोघे वैमानिक अनुभवी, वर्षानुवर्षं एकत्र उडणारे. पण त्या विमानाच्या आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा ही तपासणी पूर्ण झालीच नव्हती! हे विमान चालवणाऱ्या विभागाकडे आयएस-बाओ या आंतरराष्ट्रीय मानकाची नोंदणी होती. ऑडिटरांना कागद दिसले, सवय दिसली नाही.

हा एकाच कंपनीचा आळस म्हणावा, तर एनबीएए या अमेरिकी बिझनेस एव्हिएशन संघटनेने नंतर १,४३,७५६ उड्डाणांच्या नोंदी तपासल्या. १७.६६ टक्के उड्डाणांत ही तपासणी अर्धवट होती किंवा झालीच नव्हती. म्हणून मॅन्युअल लिहिणाऱ्याने आधी कॉकपिटच्या मागे बसून काही उड्डाणं पाहावीत. लिहिलेलं आणि घडणारं यांत फरक दिसला, तर दोन्हींपैकी एक बदलायलाच हवं. वैमानिकांना हे आवडत नाही. न आवडो.

बाकीचे समज किरकोळ. "खासगी विमानाला मॅन्युअल लागत नाही" : अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं बऱ्याच अंशी खरं, युरोपात मात्र २५ ऑगस्ट २०१६ पासून खासगी जेटलाही ते बंधनकारक आहे, आणि आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टाचा दुसरा भाग मोठ्या व जेट विमानांसाठी ते मागतोच. "निर्मात्याचं फ्लाइट मॅन्युअल पुरे" : त्यात विमानाच्या मर्यादा असतात, तुमच्या माणसांच्या विश्रांतीचे तास नसतात. "जितकं जाड तितकं चांगलं" : विमानाच्या दारात उभं राहून शोधता येत नाही ते पान नसल्यासारखंच. "हे चीफ पायलटचं काम" : मग देखभाल आणि केबिनची प्रकरणं तो अंदाजाने लिहितो, आणि मेकॅनिक ती वाचून हसतो.