बियाण्याच्या पोत्यांसाठी घरीच करावयाचा लाकडी माचा

रामटेक तालुक्यात हरभरा व गहू फाल्गुन-चैत्रात घरी येतात आणि त्यांच्या बियाण्याची गरज पुन्हा लागते ती दिवाळीच्या सुमारास. मधले चार महिने पावसाचे असतात. छप्पर गळत नसेल तर बियाणे सुरक्षित आहे, असा अनेकांचा समज असतो. परंतु ओल केवळ वरूनच येते असे नाही. शेणाने सारवलेली किंवा फरशीची जमीन पावसाळ्यात खालून ओल ओढीत असते. तिच्यावर थेट ठेवलेल्या पोत्याचा तळ दमट होतो, त्यास बुरशी लागते व किडीस आसरा मिळतो. वरचे दाणे चांगले दिसतात, म्हणून शंका येत नाही. पेरणीनंतर मात्र तास विरळ उगवते. बी गेले, मशागत गेली व हंगामही गेला.

यावरील उपाय साधा आहे. पोत्यांखाली लाकडी माचा, म्हणजे फळ्यांची बुटकी बैठक घालावी. ज्यास करवत व हातोडी धरता येते, असा कोणताही शेतकरी ती दोन दिवसांत तयार करू शकेल.

लाकडाची निवड

माच्यास लांबीचे तीन चौरस दांडे व त्यांवर ठोकावयाच्या बारा पट्ट्या लागतात. दांड्यांसाठी बाभूळ किंवा साग आणि पट्ट्यांसाठी कडुनिंब किंवा साग घ्यावा. सालीलगतचे पांढरे लाकूड टाळून आतील गडद गाभ्याचे लाकूड घ्यावे. पांढऱ्या भागात पिष्टाचा अंश असल्याने भुंगेरे तो लवकर पोखरतात. सालई व आंबा स्वस्त पडले तरी त्यांस कीड लवकर लागते, म्हणून ती लाकडे येथे योग्य नव्हेत.

जाड दांडे एका उन्हाळ्यात पुरते वाळत नाहीत. त्यासाठी पाडलेल्या जुन्या घराचे वासे किंवा चौकटी मिळाल्यास उत्तम. ते लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असते. खिळे काढून व वाळवी पाहूनच ते वापरावे.

तालुक्याचा उत्तर भाग देवलापार व पेंचच्या बाजूस जंगलाचा आहे. तेथून लाकूड आणण्याचा मोह धरू नये. साग, मोह, आंबा, चिंच यांसारखी झाडे स्वतःच्या शेतात असली तरी ती तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वये परवानगी लागते. कोणतेही झाड तोडण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी.

लाकूड वाळविणे

ओल्या लाकडाची पट्टी वाळताना रुंदीत आक्रसते, पीळ घेते व खिळा ढिला करते. म्हणून पट्ट्या हिवाळ्यात चिरून घ्याव्यात व सावलीत, वारा खेळेल अशा जागी, दगडांवर रचाव्यात. प्रत्येक थरामध्ये अडीच सेंटीमीटर जाडीच्या सारख्या काड्या घालाव्यात. त्या वरखाली एकाच रेषेत याव्यात. पट्ट्यांच्या दोन्ही टोकांस डांबर लावावे. त्यामुळे टोके तडकत नाहीत. वर जड दगड ठेवावेत. एक पट्टी दर आठवड्यास तोलून पाहावी. वजन घटणे थांबले म्हणजे लाकूड वाळले असे समजावे.

माच्याची जोडणी

दांडे १७५ सेंटीमीटर लांब व १० सेंटीमीटर चौरस असावेत. पट्ट्या ९० सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद व अडीच सेंटीमीटर जाड घ्याव्यात. दोन दांडे पट्ट्यांच्या टोकांपासून पाच-पाच सेंटीमीटर आत व तिसरा बरोबर मध्ये ठेवावा. प्रथम दोन्ही टोकांच्या पट्ट्या एकेका खिळ्याने बसवाव्यात. नंतर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते समान भरले म्हणजे चौकट गुण्यात आली. मग बाकीच्या दहा पट्ट्या पाच-पाच सेंटीमीटर अंतर सोडून ठोकाव्यात.

प्रत्येक सांध्यात साडेसहा सेंटीमीटर लांबीचे दोन खिळे किंचित तिरप्या रेषेत मारावेत. दोन्ही एकाच रेषेवर आल्यास फळी फाटते. एकूण ७२ खिळे लागतील. कठीण लाकडास आधी सामत्याने किंवा गिरमिटाने खिळ्याहून बारीक भोक पाडावे. खिळ्यांची डोकी आत दाबावीत व कडांवरून रंधा फिरवावा, म्हणजे पोती फाटणार नाहीत.

लाकडास जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत व ते पूर्ण सुकू द्यावेत. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नये. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून सुकवाव्यात. वापरलेले इंजिन तेल किंवा कीटकनाशक माच्यास कदापि लावू नये, कारण त्यावर धान्य राहावयाचे आहे.

मांडणी व देखरेख

प्रत्येक दांड्याखाली तीन याप्रमाणे नऊ विटा आडव्या ठेवाव्यात. विटेवर तिच्याहून थोडा मोठा पत्र्याचा तुकडा ठेवून त्याच्या कडा खाली वाकवाव्यात. विटेतील ओल लाकडात चढत नाही व वाळवीसही अडथळा होतो. अशा रीतीने पोती जमिनीपासून सुमारे २० सेंटीमीटर उंच राहतात. भिंतीपासून हातभर अंतर ठेवावे. दर पंधरा दिवसांनी विटांवर वाळवीचे मातीचे बोगदे दिसतात काय ते पाहावे व दिसताच मोडून टाकावेत.

एक गोष्ट मात्र विसरू नये. माचा ओल अडवितो, ओले धान्य वाळवीत नाही. बियाणे उन्हात चांगले वाळवून व थंड करून मगच पोत्यात भरावे. हरभऱ्याचा दाणा दाताखाली चेपला जाता कामा नये, तो कट्‌कन फुटला पाहिजे.

रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी माचा तयार करून पोती त्यावर चढवावीत. पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी पोत्याच्या तळातील शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहावी. पुढील वर्षी जमिनीवर पोती ठेवावीत की माच्यावर, याचे उत्तर ते दाणेच देतील.