"आबांना दवाखान्यात..."

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमचे 'हे' आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घेऊन पिरंगुटला डोळे दाखवायला गेले होते. मी इकडे घोटावड्यात पोळ्या लाटत होते. फोन वाजला. "अगं, आबांना दवाखान्यात..." आणि आवाजच तुटला!

मैत्रिणींनो, तुम्ही काय समजला असतात? मी गॅस बंद केला, डब्यातले पैसे काढले, पिशवीत चादर-तांब्या कोंबला, शेजारच्या काकूंना किल्ली दिली आणि निघाले. स्टॅंडवर पोचते तो पुन्हा फोन. पुरं वाक्य होतं, "आबांना दवाखान्यात त्यांचे वर्गमित्र भेटलेत, यायला उशीर होईल."

रागवायचं तरी कुणावर? 'ठेवून घेतलंय' हे शब्द कुणी उच्चारलेच नव्हते. ते माझ्याच मनानं जोडले.

वाक्य संपेपर्यंत आपण थांबतो कुठे? शब्द कानावर पडेल तसा अर्थ लावत जातो. आपल्या मराठीत तर क्रियापद बहुधा शेवटी. तोवर 'आबांना' या एका शब्दाला किती वाटा! आबांना बोलावलं, आबांना आवडलं, आबांना भेटले. 'आबांनी' ऐकलं असतं तर मन निराळ्याच वाटेनं गेलं असतं. त्यातून आदल्या रात्री आबांना जरा चक्कर आली होती. मग काय!

1980 साली कॅलिफोर्नियात मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या संशोधकांनी लोकांच्या डोक्याला तारा लावून त्यांना एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांत शेवटचा शब्द भलताच! पावाला लावलं काय, तर मोजे. तो शब्द दिसल्यावर साधारण 400 मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आतच, मेंदूच्या विजेत वेगळी लहर उठली. 1984 मध्ये त्यांनीच दाखवलं, की शब्द चुकीचा नसला, नुसता अनपेक्षित असला, तरी ती उठते.

आमच्या पाचवीच्या वर्गाला तारांची गरज नाही. मी गणित सांगितलं, "रमाकडे 12 पेरू होते. त्यातले 5 तिने सुमनला दिले नाहीत, बाकीचे दिले. सुमनला किती मिळाले?" निम्मा वर्ग ओरडला, "पाच!" 'नाहीत'पर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. आता मी मुद्दाम 'दिले'वर थांबते आणि पुढे काय काय येऊ शकेल ते मुलांनाच विचारते. त्यांना भारी गंमत वाटते.

घरी मी सांगून ठेवलंय, फोनवर आधी 'सगळं ठीक आहे' म्हणायचं, मग बाकीचं. काल आबांचाच फोन आला. "ठीक आहे गं सगळं. नवा चष्मा तेवढा बसमध्ये..." आणि पुन्हा आवाज गेला.

मी पोळी लाटत राहिले.