गुपितांचं गाव, बायकांच्या गोष्टी

चंद्रभागेच्या वाळवंटात गर्दी एवढी, की कोण कुणाला सोडून गेलं हे कळायचं नाही. दिवस गेलेल्या विधवांना १९व्या शतकात यात्रेच्या निमित्ताने पंढरपुरात आणलं जाई. कारण उघड होतं: इथे ओळखणारं कुणी नव्हतं.

ही प्रकरणं पाहून इथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या आधाराने अनाथ बालकाश्रम सुरू केला. पुढे तो वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने ओळखला गेला. अशाच प्रसंगात सापडलेल्या सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात बाळाच्या हत्येसाठी शिक्षा झाली आणि त्या संतापातून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. तो निबंध होता. आता कथेकडे वळू.

१९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. पण या कोण? अविवाहित, शिकलेल्या मुलींची घुसमट लिहिणारीचं नावच मुळी गुपित होतं! त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालती बेडेकर. पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या कादंबरीत त्यांनी लग्नाबाहेरचं प्रेम आणि मातृत्व मांडलं नि वादळ उठलं. नंतर त्यांनी सोलापूरच्या ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत नोकरी केली. त्या अनुभवातून ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी आली.

आताच्या शतकातल्या, मेघना पेठे यांच्या ‘नातिचरामि’ (२००५) या कादंबरीची नायिका महानगरातली. ती लपवत काहीच नाही. छोट्या गावातल्या नायिकेला मात्र अजूनही शेजारीण आडवी येते.