शेवटच्या गाडीनंतरचे आकाश

ठाणे-कल्याण परिसरातील हौशी आकाशनिरीक्षणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो दुर्बिणींच्या यादीपेक्षा मध्य रेल्वेच्या वेळापत्रकावरून लिहिणे अधिक युक्त ठरेल. कारण मुंबईचा उजेड दिवा, कोपर, डोंबिवली गिळीत जसजसा पुढे सरकला, तसतसा निरीक्षकही कर्जतच्या वाटेने मागे हटला, आणि अमावास्येच्या सुमारास वांगणीस उतरून रात्रभर आकाश पाहावयाचे व पहाटे परतावयाचे, ही मुंबईच्या खगोल मंडळाची वहिवाट पडली.

परंपरा अर्थात याहून जुनी आहे. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा 1896 चा ग्रंथ शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी कोणत्याही वेधशाळेच्या हुद्द्यावाचून, शिक्षकी सांभाळून सिद्ध केला. पुण्यात 1944 साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. 1986 च्या हॅले धूमकेतूने तर गावोगावची मंडळी गच्चीवर चढविली. कल्याणात आकाश मित्र मंडळ व खगोल अभ्यासक हेमंत मोने, ठाण्यात पंचांगकर्ते दा. कृ. सोमण, ही नावे या मुलखात घरोघरी पोहोचली आहेत.

तथापि शनीची कडी पाहून 'अहाहा' म्हणणाऱ्यांची रांग म्हणजेच विद्येचा प्रसार, असे मानण्यास प्रस्तुत लेखक राजी नाही. खरा हौशी वहीवरून ओळखावा. ययाती समूहातील अल्गोल हा तारा दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी त्याच्या मंद सोबत्याकडून झाकला जातो, आणि पाचएक तासांत तेजाच्या 2.1 प्रतीवरून मंदावत 3.4 प्रतीपर्यंत उतरून तितक्याच अवधीत पूर्ववत होतो. हे पाहण्यास दुर्बीण नको. शेजारच्या देवयानीतील, प्रत ठाऊक असलेल्या ताऱ्याशी नजरेने ताडावे आणि लाल कागद बांधलेल्या विजेरीच्या उजेडात ठरावीक वेळाने एकेक आकडा मांडावा, इतकाच तपशील. (रात्री दोननंतर चहाचा थर्मास हेही उपकरणच समजावे.) कोपरच्या गच्चीवरून मात्र उतरलेला अल्गोल उजेडाच्या धुरकटीत शोधावा लागतो, आणि नोंद नेमकी तेथेच तुटते.

सूर्याला तरी ही अडचण नाही. 24 ऑक्टोबर 1995 चे खग्रास सूर्यग्रहण ऐन दिवाळीतील अमावास्येस उत्तर भारतातून गेले, आपल्या वाट्यास खंडग्रास आले; 25 ऑक्टोबर 2022 रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, मुंबई-ठाण्याकडे दुपारी 4 वाजून 49 मिनिटांनी ग्रहण लागले आणि सूर्य ग्रासलेलाच मावळला. अशा सूर्यास्तास कोपरच्या पश्चिमेची खाडी, तिवरांपलीकडे मोकळे क्षितिज असलेली, वांगणीइतकीच उपयोगाची. चांगला सौरचष्मा आणि ग्रहण पाहत बसणाऱ्या चार मुलांना, न जेवण्याचा रिवाज बाजूस ठेवून, जेवू-खाऊ द्यावयास राजी असलेली घरे, एवढे साहित्य पुरे. 2 ऑगस्ट 2027 ची आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस, पुन्हा खंडग्रास घेऊन येते आहे. ऐन पावसाळा असल्याने ढगांचा भरवसा कोणी देऊ शकणार नाही, परंतु चष्मे तपासून घेण्यास आणि घरच्या वडीलधाऱ्यांची समजूत घालण्यास मुदत आहे.