आठवडी बाजारातील औषधिद्रव्ये : परीक्षण व खरेदी

यवतमाळ जिल्ह्याची ख्याती कापसासाठी असली तरी केळापूर, झरी-जामणी, घाटंजी, मारेगाव या तालुक्यांतील वनपट्टा औषधिद्रव्यांनी समृद्ध आहे. कोलाम, गोंड, परधान बांधव रानातून ती वेचून आणतात आणि आठवडी बाजारात विकतात. फाल्गुनात पांढरकवडा परिसरातील अशाच एका बाजारास आम्ही भेट दिली. भाजीच्या रांगांपलीकडे गोणपाटावर बेहडा, हिरडा, बिब्बा, धावड्याचा डिंक, पळसफुले असा माल मांडलेला होता.

एका कोलाम बाईपुढे बिब्ब्याचे दोन ढीग होते. कारण विचारता ती म्हणाली, "भाऊ, हा पिकून पडलेला हाय, हा झोडून पाडलेला." शास्त्रोक्त परीक्षेप्रमाणे जड, पाण्यात बुडणारा बिब्बा ग्राह्य मानावा. तिच्याच लोट्यात आम्ही दोन्हींतील मूठभर फळे टाकून पाहिली. पहिल्या ढिगातील बहुतेक बुडाली, दुसऱ्यातील बरीच तरंगली. मग भावात फरक किती? "व्यापारी दोन्ही एकाच भावानं नेतो," हे तिचे उत्तर आम्हांस अंतर्मुख करणारे ठरले. निवडीचे मोलच मिळत नसेल, तर पुढच्या वर्षी तिने दोन ढीग का करावेत?

गुराखी, मेंढपाळ व वनचर यांस वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात, पण त्यांची योजना जाणणारा वैद्यच श्रेष्ठ, असे चरकाचार्यांचे प्रतिपादन आहे. यातील उत्तरार्ध आपण अभिमानाने सांगतो, पूर्वार्ध मात्र विसरतो.

नावावर विसंबून खरेदी केल्यास काय होते, याची उदाहरणे सर्वपरिचित आहेत. शंखपुष्पी या एकाच नावाने अनेक वेगळ्या वनस्पती वापरल्या जातात व विष्णुक्रांता आणि गोकर्ण यांचा त्यांत समावेश होतो. गुळवेलीमुळे यकृतास अपाय झाल्याची वृत्ते प्रसिद्ध झाल्यावर २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच जाती वापरावी, साम्य असणारी टिनोस्पोरा क्रिस्पा टाळावी, अशी सूचना केली. क्रिस्पाच्या खोडावर ठळक उंचवटे असतात. म्हणून तुकडे केलेली गुळवेल घेण्याऐवजी पानांसह वेल पाहून घेणे इष्ट.

द्रव्य ताजे घ्यावे की जुने, हाही विचार आवश्यक आहे. शार्ङ्गधराचार्यांच्या मते गुळवेल, अडुळसा, कुडा, शतावरी, अश्वगंधा ही ओली वापरावीत व त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये. वावडिंग व पिंपळी मात्र जुनी श्रेष्ठ. वाळवलेल्या मालाच्या बाबतीत गोणीच्या तळाशी हात घालून ओल पाहावी. वरचा थर कोरडा आणि तळ दमट असल्यास साठवणुकीत बुरशी येते.

बिब्बा हाताळताना विशेष सावधगिरी हवी. त्याच्या तेलाने त्वचेवर फोड येतात, म्हणून हातांना खोबरेल तेल लावावे. देठ काढून, विटेच्या चूर्णात घोळून व धुऊन शोधन केल्याशिवाय तो वापरू नये. भल्लातकाचा समावेश औषधी व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील अनुसूची ई-१ मध्ये असल्याने, तो घटक असलेल्या पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे फार्मसीधारकांवर बंधनकारक आहे.

शेवटी मूल्याचा प्रश्न उरतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचा गौण वनोपजावरील स्वामित्वहक्क मान्य केला. तथापि हक्क कागदावर मिळाला तरी भाव खरेदीदाराच्या हाती राहतो. आपण सर्वांत स्वस्त गोणी मागतो आणि पुढे भेसळीची तक्रार करतो, हे विसंगत होय.

म्हणून आमची वैद्यबंधूंना व फार्मसीधारकांना विनंती आहे की, त्यांनी हंगामातून एकदा तरी स्वतः बाजारात जावे, द्रव्य कोणत्या रानातले व कधी वेचलेले हे विचारावे, नमुना जपून ठेवावा आणि निवडलेल्या मालास वाढीव भाव द्यावा. त्या दिवशी आम्ही पहिला ढीग अधिक दराने घेतला. औषधाची गुणवत्ता खलबत्त्यात नव्हे, तर त्या गोणपाटावरच ठरू लागते.