लॅपटॉप आवाज का विसरतो?

जुन्या रेडिओचा कान एकदा पिळून ठेवला, की आवाज तेथेच कायम राहत असे. वीज गेली, संच चार दिवस बंद राहिला, तरी खुंटी जेथे सोडली तेथेच असावयाची. कारण आवाजाची पातळी म्हणजे त्या खुंटीची प्रत्यक्ष जागाच होती. लॅपटॉपला अशी खुंटी नसते. पडद्याच्या कोपऱ्यातील पट्टी हे केवळ चित्र होय. त्या चित्रामागे असतो एक आकडा, आणि ध्वनीचे काम करणाऱ्या चिपमधील हा आकडा वीज बंद होताच पुसला जातो. रात्री चाळीसवर ठेवलेला आवाज सकाळी शून्यावर किंवा शंभरावर जाऊन बसलेला आढळला, तर तो बहुधा स्पीकरचा दोष नसून स्मृतीचा दोष असतो.

ही स्मृती एकाच ठिकाणी नसते. ऑपरेटिंग सिस्टिम आवाजाची पातळी डिस्कवर नोंदवून ठेवते. यंत्र सुरू होताना ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिम व चिप यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा प्रोग्रॅम, ती पातळी चिपला नव्याने सांगतो. त्यानंतर लॅपटॉपच्या निर्मात्याने घातलेला ध्वनीविषयक एखादा प्रोग्रॅम जागा होतो आणि आपल्या समजुतीप्रमाणे आणखी काही बदल करतो. या तिघांपैकी एकाने नोंद ठेवली नाही, दुसऱ्याने ती सांगितली नाही, किंवा तिसऱ्याने ती मोडली, तरी परिणाम एकच दिसतो. दुरुस्तीचे खरे काम म्हणजे चुकलेला कोण हे ओळखणे.

डोळस माणसाला ही कटकट क्षुल्लक वाटते; पट्टी पुन्हा सरकवली की झाले. परंतु दृष्टिहीन माणूस पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या ‘एनव्हीडीए’सारख्या प्रोग्रॅमच्या साह्याने काम करतो. आवाज शून्यावर आला, की त्याच्यापुरता सारा पडदाच काळोखात जातो. यंत्र बोलत असते, पण ऐकू येत नाही. आणि यंत्र बिघडले की मुके झाले, हेही कळावयास मार्ग राहत नाही. उलटपक्षी आवाज शंभरावर गेला आणि कानांत हेडफोन असला, तर धोका कानांना. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकणे निर्धोक मानले जाते. तोच ९० डेसिबल झाला, की ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. म्हणून दोष दूर होईपर्यंत यंत्र सुरू करून पातळी पाहावी, आणि मगच हेडफोन कानास लावावा.

दुरुस्तीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आवाज कोणत्या साधनातून येत आहे. अंगचे स्पीकर, हेडफोन, ब्लूटूथ आणि केबलने जोडलेला मॉनिटर यांची पातळी सिस्टिम वेगवेगळी लक्षात ठेवते. सुरू होताना साधनच बदलले असेल, तर दिसणारा आकडा विसरलेला नसून दुसऱ्याचा असतो. दुसरी गोष्ट, बिघाड ‘शट डाउन’नंतर होतो की ‘रीस्टार्ट’नंतरही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा व ड्रायव्हर पूर्णपणे बंद न होता त्यांची स्थिती डिस्कवर लिहिली जाते व पुढच्या वेळी तेथूनच उचलली जाते. रीस्टार्ट मात्र अथपासून प्रारंभ करतो. रीस्टार्टनंतर आवाज टिकतो आणि शट डाउननंतर टिकत नाही, असे आढळल्यास संशय या सोयीवर घ्यावा. कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन, पॉवर बटणाने काय घडावे ते ठरवण्याच्या पानावर, ती बंद करता येते. यंत्र सुरू होण्यास थोडा अधिक वेळ लागेल, एवढेच.

तेवढ्याने भागले नाही, तर ‘टास्क मॅनेजर’मधील ‘स्टार्टअप’ची यादी उघडावी व ध्वनीशी संबंध असलेले प्रोग्रॅम एकेक करून बंद करून पाहावे. सर्व एकदम बंद केले, तर दोषी कोण ते कळत नाही. त्यानंतर पाळी ड्रायव्हरची. एखाद्या अपडेटनंतर हा त्रास सुरू झाला असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने मागील आवृत्ती परत आणता येते. ते बटण निष्क्रिय दिसल्यास लॅपटॉपच्या निर्मात्याने नेमक्या त्याच मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर घालावा. आवाज प्रारंभी ठीक असून केवळ संभाषणाच्या वेळी उतरत असेल, तर तो विसराळूपणा नव्हे. विंडोज अशा वेळी इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करू शकते. ध्वनीच्या ‘कम्युनिकेशन्स’ पानावर ‘डू नथिंग’ निवडले की हे थांबते.

लिनक्समध्ये ही स्मृती उघड्यावर दिसते. तेथे ‘अल्सा’ ही व्यवस्था चिपशी थेट बोलते आणि यंत्र बंद होताना पातळीची नोंद एका फाइलमध्ये करते. ‘अल्सामिक्सर’ उघडून पातळी ठरवावी, मुकी झालेली वाहिनी ‘एम’ कळीने बोलती करावी आणि प्रशासकाच्या अधिकाराने ‘अल्सासीटीएल स्टोअर’ (alsactl store) ही आज्ञा द्यावी, म्हणजे नोंद तत्काळ होते. मात्र अल्साच्या वर ‘पल्सऑडिओ’ किंवा अलीकडचे ‘पाइपवायर’ बसलेले असते, व तेथे प्रत्येक वापरणाऱ्याची नोंद वेगळी ठेवली जाते. यंत्र सुरू होताना आवाज योग्य, आणि आपल्या नावाने आत शिरताच बदललेला, असे झाल्यास चूक या वरच्या मजल्यावर शोधावी.

प्रत्येक वेळी आत शिरताच ठरावीक पातळीची आज्ञा आपोआप देण्याची युक्तीही पुष्कळ जण करतात. तिने मूळ दोष जात नाही. परंतु ज्याचे सारे काम कानांवर चालते त्याला तेवढाही आधार मोलाचा असतो.

एक गैरसमज मात्र टाळावयास हवा. लॅपटॉप विसरू लागला, की मदरबोर्डावरील लहान बॅटरी बदलण्याचा सल्ला सहज दिला जातो. ती बॅटरी मुख्यतः घड्याळ चालू ठेवते. आवाजाची नोंद विंडोज व लिनक्स डिस्कवर ठेवतात, तिच्या आधाराने नव्हे. तारीख व वेळही रोज मागे पडत असेल, तर बॅटरीकडे अवश्य पाहावे. घड्याळ बिनचूक असेल, तर यंत्र उघडण्याचा आणि खर्चाचा प्रसंग बहुधा येत नाही.